अटन आणि अभय

सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींच्या श्रीचरणी अनंत दंडवत करून, मौजे झरी (जि. परभणी) येथे उपदेशी व वासनिक मंडळींसमोर केलेले हे निरूपण वाचकांच्या सेवेस सादर करीत आहे. निमित्त असे घडले की, येथील काही मंडळी माहूरच्या स्थानदर्शनास पायी निघणार होती. त्यांत वृद्ध होते, माता-भगिनी होत्या, आणि सुटीच्या दिवशी गडकोटांवर भ्रमंती करणारे तरुणही होते. त्यांतील एका तरुणाने विचारले, "बाबाजी, वाटेत काय स्मरावे, काय खावे, मुक्काम कोठे करावा, हे सारे आपण सांगितले. रानातून चालावे कसे, हे मात्र सांगितले नाही." प्रश्न वरकरणी साधा आहे. परंतु आपल्या मार्गात चालणे ही केवळ प्रवासाची बाब नाही, ती आचाराची बाब आहे. म्हणून त्या प्रश्नाचा विचार शास्त्राच्या आधारे करणे अगत्याचे वाटले.

अनुसरलेल्या साधकाला स्वामींनी अटन, विजन, भिक्षा आणि भोजन यांचा विधी लावून दिला. अटन म्हणजे एका ठिकाणी आसक्त न होता फिरत राहणे. विजन म्हणजे गावाबाहेर, वृक्षातळी, एकांतात परमेश्वरस्मरण करीत बसणे. या दोन्ही विधींचे स्थळ कोणते? रान, नदीकाठ, डोंगर आणि ओसाड वाटा. आपण त्या स्थळास निर्जन म्हणतो. परंतु जेथे माणूस नाही तेथे कोणीच नाही, असा त्याचा अर्थ केला तर चुकेल. तेथे गवतात टिटवीची अंडी आहेत, बिळात कोल्हीण व्याली आहे, बाभळीवर सुगरणीचे खोपे लोंबत आहेत. त्या सर्वांचे ते घर आहे. आपण तेथे अभ्यागत म्हणून जातो. भिक्षेस गेलेला साधक दारातच उभा राहतो, मिळेल ते घेतो, आणि न मिळाले तर मुकाट्याने पुढे जातो. घरात शिरून शिंकाळ्याला हात घालीत नाही. तोच संयम रानाच्या दारातही पाळला पाहिजे.

या विषयी लीळाचरित्रातील सशाची लीळा आपणा सर्वांच्या परिचयाची आहे. स्वामी वृक्षातळी आसनस्थ असताना पारध्यांनी आणि त्यांच्या कुत्र्यांनी पाठलाग केलेला एक ससा धावत आला आणि स्वामींच्या जानूखाली शिरला. पारधी मागोमाग आले व त्यांनी सशाची मागणी केली. तो शरण आला आहे, असे सांगून स्वामींनी त्याला राखले, आणि पारध्यांना हिंसेपासून परावृत्त केले. पारधी निघून गेल्यावर स्वामींनी त्या सशाला मोकळे केले व तो रानात निघून गेला. या लीळेवर निरूपण करताना आपण बहुधा शरणागताच्या रक्षणाशी थांबतो. लीळेचा शेवटचा भाग, म्हणजे सशाला मोकळे करणे, आपल्या बोलण्यातून सुटून जातो. मलाही तो भाग फार उशिरा कळला, आणि ज्या प्रसंगाने कळला तो प्रसंग सांगताना आजही मान खाली जाते.

पस्तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा विशीतला, नुकताच अनुसरलेला. फाल्गुनाचे दिवस होते. रब्बीची ज्वारी काढून झाली होती आणि झरीच्या शिवारात धसकटे उभी होती. आम्ही तिघे-चौघे पहाटे विजनास निघालो. आदल्या मुक्कामी भाकरीचा तुकडा घातलेले एक कुत्रे आमच्या मागोमाग येत होते. गायरानाच्या कडेला कुसळी गवताच्या एका दाट बेटाशी ते कुत्रे थबकले आणि भुंकू लागले. मी पुढे होऊन पाहिले, तो गवतात हरिणीचे एक पाडस अंग चोरून पडलेले. कान मागे टाकलेले, डोळे उघडे, हालचाल मुळीच नाही. आजूबाजूला हरिणी कोठे दिसेना. मी कुत्र्याला हाकलले, आणि माझ्या मनात सशाची लीळा उभी राहिली. 'आईने टाकलेला हा जीव परमेश्वरानेच माझ्या हाती दिला,' असे मानून मी त्याला उपरण्यात घेतले आणि मुक्कामी आणले.

बाबाजींनी पाहिले, पण त्या वेळी ते काही बोलले नाहीत. मी कोठून तरी शेळीचे दूध आणले, वातीने पाजले. पाडसाने ते घेतले, पण पचले नाही. रात्री ते हगवणीने हैराण झाले. तिसऱ्या दिवशी दुपारी ते मेले. मी रडत बसलो होतो. दिवस कलल्यावर बाबाजी म्हणाले, "चल, तुला एक दाखवायचे आहे." त्यांनी मला त्याच गायरानाकडे नेले आणि बरेच दूर, बांधाआड बसविले. सूर्य मावळतीला गेला तेव्हा एक हरिणी एकटीच आली. त्याच गवताच्या बेटाशी येऊन उभी राहिली. तिने गवतात तोंड घातले, भोवती फिरली, मान वर करून पाहिले, पुन्हा गवतात तोंड घातले. अंधार पडेपर्यंत ती तेथून हलली नाही. बाबाजी परवा आणि काल संध्याकाळीही तेथे येऊन बसले होते, आणि दोन्ही दिवस त्यांनी तिला पाहिले होते. परत येताना ते एवढेच म्हणाले, "ससा स्वामींकडे आला होता. हे पाडस तुझ्याकडे आले होते का?"

त्या प्रश्नाचे उत्तर मी आजवर शोधीत आलो आहे. जे सापडले ते आपणापुढे ठेवतो.

येथे प्रथम शंका अशी की, स्वामींनी सशाला जवळ घेतले हे आपण वंदनीय मानतो. मग दयाभावाने पाडस उचलणाऱ्यास दोष का द्यावा? समाधान असे. परमेश्वराची लीळा ही स्मरणासाठी आहे. आपण आचरायचे ते त्यांचे वचन. लीळेचे बाह्य अनुकरण करू गेल्यास घात होतो, कारण परमेश्वर सर्वज्ञ आहे आणि जीव अज्ञान आहे. तथापि लीळेतून बोध घ्यावयाचा तर तीन गोष्टी पाहाव्यात. ससा आपण होऊन आला. त्याच्यामागे प्रत्यक्ष मृत्यू लागला होता. आणि भय सरताच स्वामींनी त्याला सोडून दिले. माझ्या बाबतीत तिन्ही गोष्टी उलट होत्या. पाडस माझ्याकडे आले नव्हते, मी त्याच्याकडे गेलो. जे भय होते ते आमच्या मागे आलेल्या कुत्र्याचे, म्हणजे आम्हीच आणलेले. आणि ते कुत्रे हाकलल्याबरोबर संपले होते. त्यानंतर सोडण्याऐवजी मी बांधून नेले. दया खरी होती, पण तिला ज्ञानाची जोड नव्हती. ज्ञानावाचून केलेल्या दयेने जे घडले त्याला हिंसा याखेरीज दुसरे नाव नाही.

हरिणीचा स्वभाव मी पुढे जाणत्या गुराख्यांकडून आणि वनविभागाच्या माणसांकडून समजून घेतला. काळविटाची मादी एका वेळी बहुधा एकच पाडस देते. जन्मल्यानंतरचे काही दिवस ती त्याला गवतात लपवून ठेवते आणि स्वतः दूर चरते. आपण जवळ राहिलो तर शत्रूचे लक्ष पिलाकडे जाईल, हे ती जाणते. दिवसातून काही वेळाच येऊन ती पाजून जाते. पाडसाचे रक्षण त्याच्या निश्चल पडून राहण्यात असते. अज्ञ वाटसरूला ती निश्चलता अनाथपणाची खूण वाटते. आजही महाराष्ट्रात अनेक ठिकाणी अशी पाडसे चांगल्या मनाने उचलून आणली जातात. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे. त्याला पकडणे अथवा घरी बाळगणे हा गुन्हा ठरतो. परंतु कायद्याच्या भीतीने जे टाळायचे ते साधकाने त्याआधीच धर्माच्या भीतीने टाळावे.

टिटवीचे उदाहरण घ्या. ती झाडावर घरटे करीत नाही. उघड्या जमिनीवर, खड्यांच्या मधोमध अंडी घालते. अंड्यांचा रंग मातीसारखा, म्हणून पाय पडेपर्यंत दिसत नाहीत. आपल्या परभणीच्या उन्हाळ्याचा ताप आपण जाणतोच. त्या उन्हात टिटवी अंड्यांवर आपल्या देहाची सावली धरते; पाण्यावर जाऊन पोटाची पिसे भिजवून आणते आणि अंड्यांना ओलावा देते. माणूस जवळ येताच ती उठते, आक्रोश करते, डोक्यावर घिरट्या घालते. आपण कौतुकाने तेथे उभे राहतो. आपले ते घटकाभराचे कौतुक, पण तेवढा वेळ अंडी उन्हात भाजत असतात. आपण हात लावला नाही, दगड मारला नाही, तरीही अंड्यातला जीव गेला तर त्याला कारण कोण? स्वामींच्या आज्ञेचा आशय असा आहे की, आपल्या योगे मुंगीलासुद्धा वैधव्य येऊ नये. हे वचन मुखोद्गत असलेल्या आपणांस टिटवीचा आक्रोश ऐकून तत्काळ वाट सोडून दूर होणे कठीण का जावे?

सप्तव्यसनांत पारधेची गणना आहे आणि उपदेश घेताना आपण तिचा त्याग करतो. पारध म्हणजे केवळ मारणे, असे समजून आपण निश्चिंत राहतो. परंतु पारधेचा आरंभ मारण्याच्या कितीतरी आधी होतो: माग काढणे, घेरणे, पळविणे, दमविणे. आज हातात बाण नसतो, मोबाईल असतो. हरणांचा कळप दिसला की त्याच्यामागे मोटारसायकल घालायची, रात्री डोळ्यांवर प्रकाशझोत टाकायचा, मोराला उडवून त्याचे चित्र घ्यायचे. घाबरलेला कळप वाट फुटेल तिकडे धावतो. कठडा नसलेल्या विहिरीत पडतो, नाहीतर रस्त्यावर वाहनाखाली येतो. चित्र घेणारा तोवर पुढे गेलेला असतो. आपण पारध सोडली, असे त्याला वाटत असते.

आता एका मोठ्या वाटसरूची हकिकत सांगतो. यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यातील एका तरुण वाघाला २०१९ च्या फेब्रुवारीत रेडिओ कॉलर बसविण्यात आली. त्याच वर्षी जून महिन्यात तो आपले रान सोडून निघाला. तेलंगणातील आदिलाबाद, पुढे नांदेड, पुसदचा भाग, आणि १ मे १९९९ पर्यंत आपल्याच परभणी जिल्ह्यात असलेला हिंगोलीचा मुलूख ओलांडून डिसेंबरात तो बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. तोवर त्याची सुमारे १,३०० किलोमीटर चाल झाली होती. पुढे ती तीन हजारांच्या घरात गेली. दिवसा झुडपात पडून राहायचे, रात्री ओढ्या-नाल्यांच्या आधाराने चालायचे, असा त्याचा क्रम होता. शेकडो गावांच्या शिवारांतून तो गेला आणि बहुतेकांना त्याचा पत्ताही लागला नाही. या अवघ्या वाटचालीत माणसाशी त्याचा संघर्ष झाल्याची एकच घटना नोंदली गेली. तो विसावला होता त्या झुडपात काही माणसे शिरली, आणि त्यांतील एकास किरकोळ इजा झाली. विचार करा. हजारो किलोमीटर वाघाने माणसाला टाळले. माणसाला एका झुडपापुरते वाघाला टाळता आले नाही.

माहूरच्या वाटेवर निघालेल्यांना ही हकिकत सांगण्यास कारण आहे. माहूरला श्रीदत्तात्रेय प्रभूंनी व्याघ्ररूप घेऊन श्रीचक्रपाणी प्रभूंच्या मस्तकी पंजा ठेवला, हे चरित्र आपण जाणतो. त्या स्मरणाने अंतःकरण भरून यावे, हे योग्यच आहे. परंतु म्हणून पैनगंगेच्या खोऱ्यात वाघाच्या पाऊलखुणा दिसल्या की त्यांच्या मागे जाणे, ही श्रद्धा नसून प्रमाद आहे. परमेश्वर कोणत्या रूपाने भेटेल हे त्याच्या प्रवृत्तीवर आहे. आपण रानातील जीवाची झोप मोडून ती भेट घडवून आणू शकत नाही.

दुसरी शंका झरीच्याच एका वृद्ध शेतकरी उपदेशींनी उपस्थित केली. ते म्हणाले, "बाबाजी, हरणांचे कळप आमची उगवती पिके खातात, रानडुकरे उभे पीक लोळवितात. तुम्ही अभय सांगता. त्याची किंमत मात्र आम्ही देतो." ही शंका टाळण्याजोगी नाही. ज्याच्या ताटातला घास जातो त्याला दयेचे निरूपण ऐकविणे सोपे, पण त्यात आपला मोठेपणा नाही. समाधान इतकेच की, आपल्या पिकाची राखण करणे हा शेतकऱ्याचा अधिकार आहे. माळ्यावर बसून आरोळी देणे, कुंपण घालणे, यांत दोष नाही. पीकहानीसाठी शासनाकडून भरपाईची तरतूद आहे. ती नुकसानाएवढी मिळतेच असे नाही, तरी विलंब न करता वनविभागाकडे अर्ज करावा. परंतु तारेत थेट विजेचा प्रवाह सोडणे सर्वथा वर्ज्य समजावे. ती तार हरीण आणि माणूस असा भेद करीत नाही. रात्री पाणी द्यायला गेलेला शेजारीच तिने गेल्याची उदाहरणे आहेत. आणि आपण वाटसरूंनी हे ध्यानात ठेवावे की, आरडाओरड करून आपण कळप उधळला तर तो याच शेतकऱ्याच्या पेरणीतून धावतो. म्हणजे रानातील आपला गोंगाट हरणाचाही अपराध आणि भाकरी देणाऱ्याचाही.

तिसरी शंका अशी की, चालताना पायाखाली सूक्ष्म जीव मरतातच. मग कितीही जपले तरी अहिंसा पूर्ण होणार कशी? समाधान असे की, देह आहे तोवर काही हिंसा अपरिहार्य आहे, आणि तिच्याबद्दल दुःख मानून परमेश्वरास क्षमा मागावी. परंतु अपरिहार्य आणि टाळता येण्याजोगे यांची गल्लत करू नये. मृगाच्या सरी पडल्या की वाटेवर मखमली लाल मृगकिडे निघतात, पैसा नावाचे किडे वळवळतात, गोगलगाई येतात. डोळे जमिनीवर ठेवून, पाय जपून चालणाऱ्याकडून चुकून एखादा जीव गेला, तर ती एक गोष्ट. बोलत, हसत, मोबाईलकडे पाहत शंभर पावले टाकणारा, ही दुसरी. जो टाळता येईल तो दोष टाळण्यातच साधकाचा आचार आहे.

आता त्या तरुणाच्या प्रश्नाचे उत्तर सांगतो. मळलेल्या पाऊलवाटेनेच चालावे. जवळची वाट म्हणून गवत तुडवू नये, कारण गवतातच पिले असतात. एकामागे एक चालावे आणि ध्वनिक्षेपक बरोबर नेऊ नये. नामस्मरणाला मोठ्या आवाजाची गरज नाही. पहाटे व तिन्हीसांजेला प्राणी पाण्यावर येतात. त्या वेळी पाणवठ्याशी तळ टाकू नये आणि तेथे साबण लावून धुणे तर मुळीच करू नये. वानरांना, हरणांना उपहारातील अन्न घालू नये. दयेने टाकलेली एक पोळी त्यांना रस्त्याच्या कडेला बसण्याची सवय लावते, आणि ती सवय वाहनाखाली संपते. कुत्र्यांना मुक्कामी घास घातला तर ती मागे येतात. म्हणून निघताना त्यांना गावातच थोपवावे. कड्यावर आग्या मोहोळ दिसले तर धूर करू नये, सुगंधी द्रव्ये लावून जाऊ नये, दगड तर मारूच नये. वाळल्या गवताच्या दिवसांत रानात चूल मांडू नये. मांडणे भागच पडले तर निघण्यापूर्वी राखेत हात घालून ती थंड झाल्याची खात्री करावी. नेलेले प्लास्टिक परत आणावे. आणि एखादा प्राणी खरोखर जखमी अथवा विहिरीत पडलेला आढळला, तर गर्दी न करता वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. पाडस निश्चल पडलेले दिसले, तर कुत्र्याला आवरून, मागे न पाहता पुढे जावे. त्याची आई दुरून तुमच्या जाण्याचीच वाट पाहत असते.

सज्जनहो, आपण परमेश्वराजवळ अभय मागतो. आपल्यामागे काम-क्रोध लागले आहेत, जन्म-मरण लागले आहे, आणि त्या सशाप्रमाणे आपण त्यांच्या जानूखाली आश्रय शोधीत आहोत. ज्याला स्वतःसाठी अभय हवे आहे, त्याने आपल्या वाटेवर दुसऱ्या जीवाचे भय होऊन उभे राहावे, हे विसंगत आहे. जीव सर्वत्र एकच पदार्थ आहे. देह तेवढे भिन्न. माझ्या हातून गेलेले ते पाडस मला परत आणता येत नाही. परंतु दर फाल्गुनात झरीच्या गायरानावर हरिणी गवतात पिले लपवितात, आणि तिकडून जाताना मी वाट बदलून जातो. माहूरच्या वाटेवर आपणही एवढे करावे, ही विनंती.

दंडवत प्रणाम.